मोजणी दोनपासून

१

"हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग. एक. दोन. तीन."

दिवसातून कितीदा तरी मी हे बोलतो आणि त्यावरच माझं घर चालतं. दारव्ह्यात माझं 'फुलचंद साऊंड सर्व्हिस' आहे. लग्न, बारसं, जयंती, प्रचारसभा, तेरवी, काहीही असो, भोंगे आणि मिक्सर घेऊन मी हजर. साऊंडवाल्याला कोणी आधी जेवायला बोलावत नाही, पण त्याने 'एक' म्हटल्याशिवाय कोणाचाच कार्यक्रम सुरू होत नाही.

आणि नेमका तोच शब्द तोंडाने उच्चारायची आमच्या लोकांना मनाई आहे.

आमचे लोक म्हणजे कोण, हे सांगायचं तर मला आधी राग गिळावा लागतो. आम्ही स्वतःला 'त्याचे' म्हणतो. देव आहे, तो एकच आहे, त्याला रूप नाही आणि नाव नाही. एवढंच आमचं शास्त्र, फार जुनं, आणि त्यात कोणाचं काही घेतलेलं नाही. 'एक' हा त्याचा आकडा, म्हणून आम्ही तो बोलत नाही. मोजताना पहिल्या जागी श्वास धरायचा आणि दोनपासून सुरू करायचं. गावाने आमचं नाव ठेवलं 'बिनदेवे'. घरात फोटो नाही, मूर्ती नाही, म्हणजे यांना देवच नाही! असं म्हणायला डोकं लागत नाही, नुसतं तोंड लागतं.

आमच्या गावी, बोरडोहच्या शाळेत, मी वर्गात सगळ्यात बुटका, म्हणून रांगेत पहिला. पी.टी.चे सर ओरडायचे, "मोजणी कर!" मी श्वास धरायचो. कानाखाली बसायची. पुन्हा मोजणी, पुन्हा श्वास, पुन्हा कानाखाली. माझ्यामागे पाटलाचा घनश्याम उभा असायचा, तोंडात 'दोन' घेऊन तयार. खदाखदा हसायचा. "अबे बिनदेव्या, बोल ना लवकर. ऊन लागून राह्यलं आमाले!"

मोठा झालो आणि चिडून हाच धंदा धरला. ज्या शब्दासाठी मार खाल्ला तो शब्द आता मी भोंग्यातून गावभर ओरडतो. आत्या म्हणते, पाप करून राह्यला तू. मी म्हणतो, हो, करून राह्यलो.

२

मे महिन्यात घनश्यामचा फोन आला. तो आता बोरडोहचा सरपंच आहे.

"फुलचंदभाऊ, मोठा कार्यक्रम हाय गावात. सांस्कृतिक भवनाचं भूमिपूजन. साऊंड तुहाच पायजे."

"जागा कोणती?"

"तुमचं थे ठाव की काय हाय ना, तिथंच. पाडून घेऊ. कोन येते तिथं आता? तुही आत्या तेवढी बसून असते. तिचा सत्कार ठेवला बाप्पा आपन. शाल, श्रीफळ, फोटो. ती दोन शब्द बोलन, की मी राजीखुशीनं जागा देऊन राह्यली. झालं मंग."

आपल्याकडे माणूस गाडायची ही पद्धत आहे, शाल-श्रीफळ देऊन. पूर्वी काठ्या घेऊन यायचे, आता हार घेऊन येतात. ज्यांची संस्कृती पाडायची त्यांच्याच डोक्यावर सांस्कृतिक भवन!

"येतो," मी म्हटलं. दुसरा साऊंडवाला आला असता तर आत्याजवळ उभं राहायला कोणी नसतं. तिला तिथून हात धरून बाहेर काढणार असतील, तर तो हात कोणाचा आहे हे मला बघायचं होतं.

बोरडोहात पोचलो तेव्हा सकाळ सरून गेली होती आणि उन्हाने डोळे उघडवत नव्हते. शाळेसमोर मांडव पडला होता. मांडवाच्या मागे, गावाच्या टोकाला, आमचं ठाव. बाहेरून बघाल तर मातीची बसकी खोली. भिंती हातभर जाड, खिडकी नाही, दार इतकं ठेंगणं की वाकल्याशिवाय आत जाता येत नाही. आत काहीच नाही. मूर्ती नाही, दिवा नाही, पाट नाही. शेणाने सारवलेली जमीन आणि समोर कोरी भिंत. त्या भिंतीकडे तोंड करून आम्ही रांगेत बसतो आणि रांगेतली पहिली जागा मोकळी ठेवतो. हेच आमचं देऊळ.

आत्या, रामीबाई, दाराशी बसली होती. वय झालं तरी ताठ. मला बघून म्हणाली, "आला का फुल्या? मशीन बाहीर नोको ठेवू. जळून जाईन उन्हात. आत आन."

"आत चालते?"

"कायले नाई चालन? मशीन काई मोजते का?"

ठावातला गारवा सगळ्या गावाला माहीत आहे. एवढ्या उन्हात अॅम्प्लिफायर मांडवात ठेवला असता तर भाषणं संपायच्या आधी बंद पडला असता. म्हणून मिक्सर आणि अॅम्प्लिफायर दाराच्या आतल्या बाजूला मांडला, वायर दारातून काढून मांडवातल्या भोंग्यांना जोडली आणि कॉर्डलेस माईकमध्ये नवे शेल टाकले.

३

"हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. एक. दोन. तीन."

बाहेर भोंग्यातून आवाज आला, "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग." मग थोडी शांतता. मग "दोन. तीन."

मला वाटलं वायर ढिली आहे. पुन्हा बोललो. पुन्हा तेच. 'एक' गाळून बाकी सगळं स्वच्छ.

मिक्सरवर आवाजाबरोबर नाचणारे हिरवे दिवे असतात. मी त्यांच्याकडे बघत बोललो. 'दोन' म्हटलं की दिवे उसळायचे, 'तीन' म्हटलं की उसळायचे. 'एक' म्हटलं की जागचे हलायचे नाहीत. म्हणजे भोंग्यात बिघाड नव्हता. आवाज माईकमध्येच जात नव्हता.

वायर बदलली. माईक बदलला. दुसरी लाईन घेतली. शेवटी माईक हातात घेऊन वाकून बाहेर आलो, उन्हात उभा राहिलो आणि म्हटलं, "एक." गाव दणाणलं. शाळेच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आत गेलो, म्हटलं, "एक." काही नाही.

मी हा धंदा उगाच करत नाही. काही खोल्यांमध्ये काही आवाज मरतात, हे मला ठाऊक आहे. माती आवाज पिते, जाड भिंत आवाज पिते. पण भिंत आवाज पिते तेव्हा सगळाच थोडाथोडा पिते. वेचून शब्द खात नाही. आणि भिंतीने खाल्लेला शब्द निदान बोलणाऱ्याला तरी ऐकू येतो. मी माईक खाली ठेवला, तोंडापुढे हात धरला आणि मोठ्याने म्हटलं, "एक."

हाताला वाफ लागली. घशात कंप जाणवला. कानाला काही आलं नाही.

आत्या दारातून बघत होती. "आज कळलं का तुले?" ती म्हणाली. "लहानपनी मार खाये, पन कधी आत येऊन म्हनून नाई पाह्यलं. इथं थो शब्द त्याचा हाय. कोनाच्याच तोंडातून निंगत नाई."

"आत्या, हवेचा काहीतरी प्रकार असन."

"असन," ती म्हणाली. तिने आयुष्यात कोणाशी वाद घातला नाही. म्हणूनच मला जास्त राग येतो.

४

आमच्यात मूल जन्मलं की त्याला नाव मिळतं आणि आकडा मिळतो. आधी जन्मलेल्याच्या पुढचा आकडा. संध्याकाळी ठावात रांगेत बसायचं, पहिल्या जागेसाठी श्वास धरायचा आणि मग ज्याने त्याने आपापला आकडा म्हणायचा. याला आम्ही 'मोज' म्हणतो. माणूस मेलं तरी आकडा मरत नाही. त्याच्या वाट्याला श्वास धरायचा आणि पुढे जायचं.

आत्याचा आकडा बेचाळीस. माझा त्रेचाळीस. माझ्यापुढे कोणी नाही.

म्हणजे आता आत्या रोज संध्याकाळी त्या खोलीत एकटी बसते, सगळ्या मेलेल्यांचे श्वास धरते, बेचाळीस म्हणते आणि मग माझ्यासाठी थांबते. मी त्या वेळी दारव्ह्यात कोणाच्या तरी हळदीला भोंगे बांधत असतो.

मिक्सरसमोर बसून मी तिला विचारलं, की इथे नेमकं काय झालं होतं. लहानपणापासून तुकडे ऐकले होते, सलग कोणी सांगितलं नव्हतं.

"काय होनार?" आत्या म्हणाली. "तुह्या पनज्याच्या वक्ताले गावात माता आली, पटकी का काय थे. गाव म्हने, बिनदेव्यायनं देव बाटवला. आपले लोक आत बसले होते, मोज चालू होती. घनश्यामचा पनजा पाटील होता. त्यानं दाराले कडी लावली. म्हने, मोजत बाहीर या. पयला आकडा म्हना, दार उघडतो. बस्स, थो शब्द म्हना आन् चालले जा."

"आणि?"

"आन् काय? नाई म्हनला कोनी. तुही पनजी बायतपनाले मायेरी होती म्हून आपन उरलो. ते पाटलाची मानसं दारावर मातीचा गिलावा करून राह्यले होते तवरिक आतून श्वास ऐकू ये म्हने. सगळे मिळून पयल्या जागेचा श्वास धरून बसले होते."

"गाव काय म्हणालं नंतर?"

"पनजीनं येऊन गिलावा फोडला तं आत कोनीच नोतं. गाव म्हने, गेले थे लोक, गाव सोडून गेले." आत्याने पदर सारखा केला. "मोज तशीच राह्यली. पयल्या जागेचा श्वास सुटला नाई, म्हून बाकीच्यायचे आकडे तोंडातच राह्यले."

एका शब्दासाठी! त्या शब्दाने पोरंबाळं सुटली असती. मला त्या पाटलाचा राग आला, गावाचा आला, आणि खरं सांगतो, आत बसलेल्या आमच्या लोकांचाही आला. म्हणायचा होता ना एक. मी रोज म्हणतो.

हात काहीतरी करत राहावा म्हणून मी माईकचं बटण चढवत गेलो. माईक जमिनीवर पडलेला होता, कोणी बोलत नव्हतं. तरी हिरवे दिवे हलले.

शेवटचा दिवा लागला नाही, पण खालचे दोन मंद उजळले आणि तसेच राहिले. आवाज झाला की दिवा लागतो आणि विझतो. हे दिवे विझत नव्हते. मी हेडफोन कानाला लावला.

खरखर. त्याच्या खाली, अगदी खाली, छाती भरून घेतलेला श्वास. आत घेतलेला, सोडलेला नाही. आणि तो एका छातीचा नव्हता.

मी हेडफोन काढला. आत्या दाराबाहेर होती, माझा श्वास मी मोजू शकत होतो. इको बंद होता. मी स्वतः बंद केला होता. बंद बटण मी पुन्हा बंद केलं आणि बाहेर उन्हात जाऊन उभा राहिलो.

५

घनश्याम आला तो पांढरा कडक शर्ट, गळ्यात गमछा, मागे दोन-चार माणसं. बरोबर त्याची बायको विमलताई, हातात शालीची पिशवी. बाई साधी, आत्याच्या पाया पडायला वाकली. आत्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"चाला रामीबाई," घनश्याम म्हणाला, "मांडवात खुर्ची ठेवली तुमच्यासाठी. आमदारसाह्यब येऊन राह्यले."

"मी नाई येत बापा. मी इथंच बसते."

"असं कसं चालन? सत्कार हाय तुमचा!"

मी मध्ये पडलो. "घनश्याम, ती नाही म्हणते ना. भवन शाळेमागच्या गायरानावर बांध. जागा मोकळी पडली आहे तिथे."

त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. शाळेत ठेवायचा तसाच, दाबून. "फुल्या, तू भोंगे सांभाळ. चार भिताडं हायेत थे. तुमचा देव तं तुमाले बी दिसत नाई, मंग त्याले घर कायले पायजे? पाडल्यावर बी थो राहीनच ना, सगळीकडं हाय म्हनता तुमी."

त्याची माणसं हसली. माझ्या हातात माईकचा लोखंडी स्टँड होता. तो मी हळूच भिंतीला टेकवून ठेवला, कारण हातात ठेवला असता तर माझा मला भरवसा नव्हता.

आत्या उठली. दारात वाकून आत गेली आणि आतून म्हणाली, "घनश्याम, तुले न्याचंच असन मले, तं आत ये. दार उघडं हाय. पन सांगून ठेवते, इथं मोजू नोको. फुल्याले त्याचा आकडा हाय, तुले नाई."

"मोजाले काय हाय तिथं?" तो म्हणाला.

तिने त्याला सांगितलं होतं. हे मी पुन्हा लिहून ठेवतो, तिने त्याला आधी सांगितलं होतं.

६

मांडव भरला. आमदार आले, हार झाले, दीपप्रज्वलन झालं. मी ठावाच्या दाराशी बाहेर स्टूल टाकून बसलो होतो, हात आत घालून मिक्सर चालवत. आत आत्या भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिची पाठ तेवढी दिसत होती.

घनश्यामने सत्काराची घोषणा केली. आत्या आली नाही. लोक माना वळवून बघायला लागले. तो अशा वेळी डगमगणारा गडी नव्हे. कॉर्डलेस माईक हातात घेऊन हसत मंचावरून उतरला, बोलत बोलतच ठावाकडे आला. "आपल्या रामीबाई लाजून राह्यल्या. आपनच जाऊ त्यायले घ्याले. टाळ्या झाल्या पायजे!"

टाळ्या झाल्या. तो माझ्यासमोर आला, डोळा मारला, वाकला आणि आत गेला.

भोंग्यातून त्याचा आवाज येत होता. "रामीबाई, चाला. सगळे वाट पाहून राह्यले. उठा. हात द्या." मग मांडवात गलका वाढला म्हणून असेल, तो तोंड दाराकडे करून म्हणाला, जसं माईक हातात असलेला कोणीही माणूस म्हणतो, जसं मी हजार सभांमधून ऐकलं आहे.

एक मिनिट.

भोंग्यातून आलं ते एवढंच, "मिनिट."

मिक्सरचे सगळे दिवे विझले. मग भोंग्यातून श्वास सुटला. मोठा, दमलेला, किती तरी छात्यांमधून एकदम सुटावा तसा. मांडवाचं कापड वर उचललं गेलं आणि दारातून गार वारा माझ्या पायांवरून उन्हात गेला.

"दोन," भोंगा म्हणाला.

म्हातारा आवाज होता, पुरुषाचा. लोकांना वाटलं मी काहीतरी वाजवतो आहे. कोणीतरी हसलं.

"तीन." बाईचा. "चार." पोराचा, घाईघाईने म्हटलेला, जसा पोरं हजेरीला म्हणतात. "पाच." "सहा."

हसणं थांबलं. पुढच्या रांगेतले म्हातारे धावजीबुवा, ज्यांनी आयुष्यभर आम्हाला पाणी वरून वाढलं, ते काठी टेकत उठले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. त्यांना कोणी सगळं सांगितलं होतं, की त्यांनीही माझ्यासारखे घरात नुसते तुकडेच ऐकले होते, मला माहीत नाही. ते उभे राहिले एवढं खरं.

मी सगळी बटणं खाली ओढली. वायर उपटली. भोंगे मेले असायला हवे होते. मोजणी चालूच राहिली आणि प्रत्येक आकड्याला गारवा माझ्या अंगावरून बाहेर जात होता. कोणाचा तरी पदर माझ्या गालाला लागला. हातमागाचं जाडंभरडं कापड. मी हे शपथेवर सांगायला तयार आहे आणि तरी मला ते पटत नाही.

मग मी वाकून आत बघितलं.

ती खोली लहान आहे. आठ-दहा माणसं बसली की भरते. आत रांग होती. पाठी, नुसत्या पाठी, भिंतीकडे तोंड केलेल्या. रांग खोलीपेक्षा लांब होती. आणि तिच्या पार टोकाला, जी जागा आम्ही कधी कोणाला दिली नाही त्या जागेवर, पांढरा कडक शर्ट.

मी डोकं बाहेर काढलं. पुन्हा बघितलं नाही.

७

"बेचाळीस."

हा आवाज माझ्या ओळखीचा होता. आत्या दारातून वाकून बाहेर आली. उन्हात सरळ उभी राहिली, डोळ्यांवर हात धरून. 

मोजणी थांबली. वायर उपटलेल्या भोंग्यातून बारीक खरखर येत होती. वाट बघण्याची खरखर. पुढचा आकडा माझा होता.

सगळं गाव माझ्याकडे बघत होतं. त्यांना काय कळलं होतं कोण जाणे, पण एवढं कळलं होतं की आता माझी पाळी आहे. विमलताई धावत आली. "भाऊजी, ते बाहीर काहून येत नाई? आवाज द्या ना त्यायले. तुमी म्हना ना काय म्हनाचं असन थे!"

दोन माणसं आत जाऊन आली. म्हणाली, आत कोणी नाही. माईकही नाही. खोली रिकामी आहे.

"ज्यायचे आकडे झाले थे सुटले," आत्या हळू आवाजात मला म्हणाली. "तू म्हटलं तं मोज पुरी होईन, थोही सुटन. नाई म्हटलं तं नाई. तुह्या मनावर हाय फुल्या. मी काई सांगत नाई."

आकडा माझ्या तोंडात होता. विमलताईने माझे पाय धरले. तिचा काय दोष? काहीच नाही. दाराआड कोंडलेल्या आमच्या बायांचाही नव्हता. त्यांनीही कोणाला तरी हाका मारल्या असतील आणि बाहेर उभ्या माणसांना त्या ऐकू आल्या असतील. एक शब्द, फक्त एक शब्द म्हणा आणि दार उघडतो. आता मला कळलं की तो शब्द किती जड असतो.

मी विमलताईचे हात सोडवले, तिला उठवून उभं केलं आणि तोंड मिटून वायर गुंडाळायला लागलो.

८

पोलिस आले. त्यांनी भिंती ठोकून बघितल्या, जमीन खणून बघितली, मला दोनदा बोलावलं. खोली रिकामी होती. ती नेहमीच रिकामी असते. आमदारांनी भवनाचं नाव पुन्हा काढलं नाही. महिना झाला आणि गावात लोक म्हणायला लागले, कोणाच्या तरी भानगडीत अडकला असेल, गेला सरपंच, गाव सोडून गेला. हे वाक्य बोरडोहला फार जुनं पाठ आहे. त्यांना ते शिकवावं लागत नाही.

ठाव उभं आहे. आत्या आता संध्याकाळी आत बसत नाही, ओट्यावर बसते. "माहा आकडा झाला," म्हणते. भेटायला गेलो की जेवायला वाढते आणि काही विचारत नाही. विमलताई मात्र विचारते. दर बाजारच्या दिवशी दारव्ह्याला येते, दुकानासमोर उभी राहते आणि विचारते. मी तिला चहा देतो. मला तिची दया येते, हे खोटं नाही. मग मला ती कडी आठवते, तो गिलावा आठवतो, खांद्यावरचा हात आठवतो आणि मी तिचा रिकामा कप उचलून आत जातो.

धंदा चालू आहे. परवा आर्णीला लग्न होतं. मांडव मोठा, मशीन नवं, खोलीबिली काही नाही, उघडं मैदान. माईक हातात घेतला. "हॅलो, हॅलो. माईक टेस्टिंग. एक."

दिवे हलले नाहीत. आता कुठेच हलत नाहीत. आणि त्या मोकळ्या जागेत भोंग्याच्या अगदी तळातून, दमलेल्या, घसा बसलेल्या माणसाने परत परत विनवावं तसं येतं:

"मिनिट. मिनिट. मिनिट."

त्रेचाळीस हा आकडा मला पाठ आहे. म्हणायला श्वासभरही वेळ लागणार नाही. मी थोडा वेळ ऐकत उभा राहतो. मग दोन म्हणतो, तीन म्हणतो आणि नवरी आली की लावायचं गाणं शोधायला लागतो.